वर मासे, खाली कारखाना

हल्ली मला कुणी ‘मासे कसे आहेत?’ असं विचारत नाही. ‘ओव्हरफ्लो कुठला ठेवलात?’ असं विचारतात. विचारणारा स्वतः मासे पाळणारा असतो आणि आपले मासे शेवटचे नीट कधी पाहिले, हे त्यालाही आठवत नसतं. या छंदाचे दोन टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात माणूस टाकीसमोर खुर्ची टाकून बसतो. दुसऱ्या टप्प्यात तो टाकीखालच्या कपाटात डोकं घालून बसतो आणि घरच्यांना त्याची फक्त पाठ दिसते. मी दुसऱ्या टप्प्यात आहे. कुरिअरवालाही आता माझ्या पाठीकडे बघूनच ‘सर, सही’ म्हणतो.

सगळं सुरू झालं ते मुलीच्या वर्गातल्या कुणाच्या तरी वाढदिवसापासून. रिटर्न गिफ्ट म्हणून कंपासपेटी देण्याचे दिवस गेले. त्या हौशी आईबापांनी प्रत्येक मुलाच्या हातात पाण्याची पिशवी आणि पिशवीत एक गोल्डफिश दिला. दोन मुलांच्या आयांनी गेटवरच ‘आमच्याकडे नको बाई’ म्हटलं आणि त्या दोन पिशव्याही आमच्या कन्येनं उदार मनानं पदरात घेतल्या. तीन मासे, एक काचेचा वाडगा आणि ‘दोन दिवसांत आटोपतील, पोरीला आधीच सांगून ठेवा’ हा सासऱ्यांचा दिलासा. मासे आटोपले नाहीत. चौकशी केली तेव्हा कळलं, की नीट सांभाळला तर गोल्डफिश दहा-पंधरा वर्षं सहज काढतो. दोन तासांच्या वाढदिवसाला गेलेली मुलगी, ती स्वतः कॉलेजात जाईपर्यंतची जबाबदारी पिशवीतून घेऊन आली होती.

क्रॉफर्ड मार्केटमधल्या दुकानदारानं ‘वाडगा’ हा शब्द ऐकून डोळे मिटले.

“सर, हा मासा वीतभर होतो. चार फुटी टाकी घ्या.”

“तीन माशांना चार फूट?”

“घरात तुम्ही किती जण?”

“चौघं.”

“किती स्क्वेअर फूट?”

डोंबिवलीतल्या फ्लॅटचा कार्पेट एरिया भर बाजारात सांगायची माझी तयारी नव्हती. मी टाकी घेतली. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. नऊ घनफूट, म्हणजे काठोकाठ भरली तर 255 लिटर पाणी.

“फिल्टर कुठला देऊ?” त्यानं विचारलं.

“चांगला,” मी म्हणालो.

ज्या दुकानात माणूस ‘चांगला’ म्हणतो, तिथे त्याचं काय होतं हे लग्नाचा बस्ता बांधलेल्या कुणालाही माहीत आहे. त्यानं मला आत बोलावून स्टूल दिलं.

“गोल्डफिशला जठर नसतं, सर. खातो आणि लगेच सोडतो. त्यामुळे त्याला कायम भूक आणि तुम्हाला कायम घाण. आता ही घाण जागच्या जागी फिरवायची असेल तर इंटर्नल फिल्टर. डब्यात बंद करून तीन महिने विसरायची असेल तर कॅनिस्टर. आणि घाण रोज स्वतःच्या डोळ्यांनी बघायची असेल तर सम्प.”

“आणि हे काय?” कोपऱ्यात एक काळा स्पंज पडला होता. त्याला एक नळी होती. बस.

“तो स्पंज फिल्टर. हवेच्या पंपावर चालतो. दोन मिसळींच्या पैशात येतो.”

“चालतो का पण?”

“चालतो,” तो म्हणाला आणि खाली बघायला लागला. त्याच्या आवाजातली नाराजी मला तेव्हा कळली नाही. जी वस्तू स्वस्त आहे आणि चालते, तिच्याबद्दल दुकानदार आणखी काय बोलणार?

सम्पचं तत्त्व त्यानं पावतीच्या पाठीमागे चित्र काढून समजावलं. मोठ्या टाकीखाली कपाटात दुसरी लहान टाकी. वरचं पाणी आपल्या वजनानं पाइपमधून खाली पडतं. खालच्या टाकीत काचेचे आडवे पडदे, पहिल्या कप्प्यात पांढरा मोजा, त्यात कचरा अडकतो, दुसऱ्यात स्पंज, तिसऱ्यात सिरॅमिकच्या रिंगा, त्यांच्यावर जंतू राहतात, शेवटच्या कप्प्यात पंप, तो पाणी पुन्हा वर फेकतो. हीटर, नळ्या, वायरी सगळं खाली लपतं. वर फक्त मासे आणि शांतता. बारावीला थोडक्यात हुकलेलं माझं इंजिनिअरिंग त्या क्षणी छातीत जागं झालं. ती पावती मी अजून जपून ठेवली आहे. तिच्या दुसऱ्या बाजूचा आकडा मात्र बायकोला दाखवलेला नाही.

वास्तविक 1850 साली लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं पाण्याच्या एका पात्रात दोन गोल्डफिश, एक पाणवनस्पती आणि थोड्या गोगलगायी ठेवून सगळ्यांचं व्यवस्थित चालतं हे दाखवून दिलं होतं. वनस्पती प्राणवायू देते, गोगलगाय सडलेलं पान खाते, मासे दोघांच्या जिवावर राहतात. पंप नाही, पाइप नाही. सासऱ्यांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “लंडन कशाला हवं? आमच्या विहिरीत मासे होते, कासव होतं. विहिरीला कुठला फिल्टर होता, जावईबापू?” मी म्हटलं, विहिरीला झरे असतात. “मग झरे घ्या,” ते म्हणाले.

पहिला विरोध घराबाहेरून आला. सोसायटीचे सेक्रेटरी निवृत्त स्थापत्य अभियंता आहेत आणि निवृत्तीनंतर त्यांना स्लॅब मिळालेला नाही. ते वही घेऊनच आले.

“पाणी, काच, वाळू, सम्प. साडेतीनशे ते चारशे किलो. टाकीचा तळ सहा चौरस फूट. आयएस 875, भाग दोन. राहत्या खोलीला चौरस मीटरमागे दोन किलोन्यूटन. म्हणजे ढोबळ दोनशे किलो!”

“मागच्या गणपतीत माझे पाच मामा त्याच कोपऱ्यात दाटीवाटीनं बसून जेवले,” बायको आतून म्हणाली. “तेव्हा कुठे गेला होता तुमचा भाग दोन?”

सेक्रेटरींनी मामांना पाहिलेलं होतं. त्यांनी वही मिटली, टाकी भिंतीला लागून तुळईच्या डोक्यावर ठेवायची अट घातली आणि चहा घेतला. बायको माझ्या बाजूनं बोलली असा माझा समज झाला होता. ती फक्त मामांच्या बाजूनं बोलली होती.

मग वरचं पाणी खाली सम्पमध्ये उतरावं म्हणून काचेला भोक पाडायचं आलं. काचवाला आला, त्यानं टाकीवर टिचकी मारली आणि विचारलं, “टफन आहे का साधी?” साध्या काचेला हिऱ्याच्या दातांच्या ड्रिलनं पाणी सोडत सोडत भोक पडतं. टफन काचेला ड्रिल टेकवलं की तिची साखर होते. ओळखायचं कसं? तर काचेच्या मागे लॅपटॉपचा पांढरा पडदा लावायचा आणि पोलराइज्ड गॉगल घालून काचेतून बघायचं. टफन असेल तर काळपट डाग, पट्टे दिसतात. उजेड कमी असलेला बरा. त्यामुळे रात्री हॉलमधले दिवे मालवून, काळा गॉगल लावून, रिकाम्या टाकीतून मी लॅपटॉपकडे एकटक बघत असताना शेजारच्या वहिनी विरजण मागायला आल्या. त्यांनी विरजण घेतलं. दुसऱ्या दिवशी बायकोला जिन्यात गाठून त्यांनी हळूच विचारलं, “भावोजींचं ऑफिसमध्ये सगळं ठीक आहे ना?”

काच साधी निघाली. भोक पडलं. आता त्या भोकात कुठला ओव्हरफ्लो, म्हणजे पाणी खाली नेणारा पाइप, बसवायचा हा प्रश्न, आणि या एका प्रश्नावर जगभरातले मासे पाळणारे पंथ करून राहतात. एका पाइपवाला डर्सो पंथ: पाइपाच्या डोक्यावर टी, टीच्या टोपणाला बारीक छिद्र. दोन पाइपवाला हर्बी: एक पाइप गच्च भरून वाहणारा, दुसरा संकटासाठी राखीव. आणि तीन पाइपवाला बीनअ‍ॅनिमल: एक भरलेला, एक अर्धा वाहणारा, एक संकटासाठी. माझ्या ऑफिसातला एक जण बीनअ‍ॅनिमलवाला आहे. मी डर्सोचा नुसता उल्लेख केला तर तो म्हणाला, “तुझ्या घरात लहान मुलगी आहे, एवढंच सांगतो.” त्याच्या घरी मासे नाहीत. गेल्या पावसाळ्यात गेले. पाइप तिन्ही उत्तम चालू आहेत.

आमचा प्लंबर कुठल्याच पंथाचा नव्हता. त्यानं एल्बो, टी, बॉल व्हॉल्व्ह, टँक निपल यांचा ढीग जमिनीवर मांडला आणि म्हणाला, “साहेब, एवढ्या फिटिंगात गच्चीवरच्या दोन टाक्या जोडून दिल्या असत्या. सोसायटीला पाणी तरी मिळालं असतं.”

आधी डर्सो लावला. रात्री सासरे खोलीतून बाहेर आले. “आंघोळीला कोण गेलंय?” कुणीच गेलं नव्हतं. पाइपात हवा आणि पाणी एकत्र पडत होतं, त्याचा तो गडगडाट. मग हर्बी लावला. त्यात भरलेल्या पाइपाच्या खालच्या व्हॉल्व्हची चावी नेमकी इतकी फिरवावी लागते, की हवा आत शिरता कामा नये आणि पाणी तुंबताही कामा नये. मी रात्र रात्र कपाटात कान लावून तंबोरा जुळवावा तशी ती चावी केसभर इकडे, केसभर तिकडे करत बसलो. पहाटे सूर लागला. एकदम शांत. इतकी शांतता की सासऱ्यांना जाग आली. “बंद पडलं का हो?”

पंपाचं आणखी वेगळं. डब्यावर ताशी 3000 लिटर लिहिलेलं असतं. हे 3000 लिटर पंप जमिनीवर ठेवून, पाइप आडवा धरून, कुणालाही पाणी वर न्यायचं नसताना पडतात. उंची आली, दोन एल्बो आले, की त्यातलं निम्मं गेलं समजावं. टाकीचं पाणी तासाला चार-पाच वेळा फिरलं पाहिजे म्हणतात. म्हणजे हजार-बाराशे लिटर वर पोचायला हवेत. म्हणून मोठा पंप. पंप 50 वॅटचा, दिवसरात्र चालतो, महिन्याला 36 युनिट. घरात पंखा चालू ठेवून खोलीबाहेर गेलं तर ओरडणारा माणूस मीच, हे मुलीनं लक्षात आणून दिलं.

आता जंतू. माशाच्या मलमूत्रातून अमोनिया होतो, तो माशाला विष. एका जातीचे जंतू अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विष. दुसऱ्या जातीचे जंतू त्याचं नायट्रेट करतात. ते बरंच निरुपद्रवी, आठवड्याला थोडं पाणी बदललं की जातं. हे काम करणारे जंतू 1890च्या सुमाराला विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञानं वेगळे काढून दाखवले. सगळा सम्प, सगळे पाइप, सेक्रेटरींची वही, हे सारं या जंतूंना राहायला नीट जागा मिळावी म्हणून. आणि ते राहायला यायला चार ते सहा आठवडे घेतात. तोवर मासे टाकीत सोडायचे नाहीत; रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाद्य टाकायचं, म्हणजे ते कुजून अमोनिया होतो आणि जंतू येतात.

“म्हणजे मासे बाथरूमच्या टबात,” बायको म्हणाली, “आणि खाद्य हॉलमध्ये.”

मासे खरंच टबात होते. टबाला तो दोन मिसळींचा स्पंज फिल्टर लावला होता, तात्पुरता. मासे मजेत होते, वाढत होते. तक्रार सासऱ्यांची होती. “आंघोळ करताना तिघं टक लावून बघत असतात. या वयात मला संकोच वाटतो.” त्यांनी टबावर पंचा टाकायला सुरुवात केली.

हॉलमध्ये मात्र मी रोज संध्याकाळी काचेच्या नळीत पाण्याचे थेंब टाकून रंग बघत होतो. अमोनिया चढला. नायट्राइट चढलं. आता उतरणार, आता उतरणार. एका सकाळी बघतो तर कपाट उघडं, बाल्कनीत वर्तमानपत्रावर सिरॅमिकच्या रिंगा वाळत घातलेल्या. पांढऱ्याशुभ्र. शेजारी दोरीवर स्पंज आणि मोजा, चिमटे लावून.

“दादा, किती घाण साचली होती हो,” आमच्या कामाच्या मावशी म्हणाल्या. “चिकट चिकट. भांड्याचा साबण दोनदा लावला, तेव्हा निघालं. एवढे शिकलेले तुम्ही!”

तो चिकटपणा म्हणजेच जंतू. जंतूंच्या कोट्यवधी संसारांवर सकाळी साबण फिरला होता. माझा चेहरा बघून मावशींनी वर आश्वासन दिलं, “आता दर आठवड्याला करत जाईन.” वीस वर्षांत आमच्या घरातली एकही वस्तू त्यांनी स्वतःहून उचलून घासलेली नव्हती.

दुकानदाराला फोन केला. तो बराच वेळ गप्प राहिला, हसत असावा. मग म्हणाला, “टबात स्पंज आहे ना तुमचा? तो सम्पमध्ये पिळा. त्यात जंतू तयार आहेत.” म्हणजे ज्या स्पंजला मी तात्पुरता म्हणत होतो, त्याच्या उसन्या जंतूंवर आमचा कारखाना उभा राहिला. हे मी कुणाला सांगत नाही. बीनअ‍ॅनिमलवाल्याला तर मुळीच नाही.

मासे टाकीत आले. पाणी आरशासारखं वगैरे म्हणायचा मोह होतो, पण तेवढ्यात वीज गेली. वीज गेली की पंप थांबतो, आणि पंपाच्या पाइपाचं वरचं तोंड पाण्यात बुडालेलं असेल तर तोच पाइप उलटा होऊन वरचं पाणी खाली ओढायला लागतो, ते तोंड उघडं पडेपर्यंत. आमचं तोंड दोन इंच बुडालेलं होतं. चार फूट गुणिले दीड फूट गुणिले दोन इंच, म्हणजे बरोबर एक घनफूट, म्हणजे 28 लिटर. शिवाय काठावरचं आणि पाइपातलं पाणी वेगळं. आणि खालचा सम्प मी, दिसायला छान दिसतो म्हणून, काठोकाठ भरलेला होता. हे गणित मी नंतर केलं. आधी खालच्या मजल्यावरच्या काकांनी केलं.

“तुमचे मासे आमच्या पंख्यावर येणार आहेत का?” त्यांनी दारात उभं राहून विचारलं. हातात टॉर्च, अंगात बनियन, बनियन ओला.

तेव्हापासून पाइपाला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली बारीक भोक आहे, म्हणजे पातळी उतरली की लगेच हवा शिरते आणि पाणी ओढणं थांबतं. सम्पही अर्धाच भरतो. तरीसुद्धा वीज गेल्यावर आमच्याकडे कुणी मेणबत्ती शोधत नाही. चौघंही मोबाइलचे दिवे लावून कपाटासमोर उकिडवे बसतात आणि पाणी चढताना बघतात. काठाच्या खाली थांबलं की मुलगी टाळ्या वाजवते. खालून काकांची हाक येते, “थांबलं?” आम्ही म्हणतो, “थांबलं!” सोसायटीत आमचे संबंध इतके जवळचे कधीच नव्हते.

उन्हाळ्यात पाणी उडतं, ते सगळं सम्पच्या शेवटच्या कप्प्यातून कमी होतं, म्हणून एक बादली पाणी आदल्या दिवशी भरून ठेवावं लागतं, क्लोरीन उडून जावं म्हणून. त्या बादलीवर पालिकेच्या मलेरिया विभागाच्या माणसाची नजर पडली. डेंग्यूच्या दिवसांत ते घरोघरी साठवलेलं पाणी तपासत फिरतात. मी त्याला अमोनियापासून सुरुवात करून सगळं समजावलं. नायट्राइटपर्यंत आलो तेव्हा त्यानं हात जोडले, बादलीवर झाकण ठेवायला सांगितलं आणि सुटका व्हावी म्हणून असेल, पण शेजारच्या बांधकामाच्या खड्ड्यात सोडायला आणलेल्या गप्पी माशांतले थोडे मला पिशवीत काढून दिले.

गप्पी मी वरच्या टाकीत सोडले. दुसऱ्या दिवशी एकही नव्हता. “खाल्ले,” सासरे गोल्डफिशकडे बघत समाधानानं म्हणाले. पण ओव्हरफ्लोच्या तोंडाशी जो दातेरी कठडा असतो, त्याचे दाते मी ‘पाणी भरपूर जावं’ म्हणून रुंद ठेवले होते. गप्पी त्यातून गेले, पाइपातून घसरले, मोज्यात अडकले, मोज्यावरून उड्या मारून पुढे गेले आणि पडद्यामागच्या स्वच्छ पाण्यात राहू लागले. गप्पी अंडी घालत नाही, थेट पिल्लं देतो, आणि महिन्याभरात पुन्हा देतो. खाली गोल्डफिश नाहीत, खायला वरून आपोआप पडतं, पाणी घरात सर्वांत चांगलं. दोन-तीन महिन्यांत कपाट भरलं. मुलीच्या मैत्रिणी आल्या की टाकीकडे ढुंकून न बघता पालथ्या पडून कपाटात बघतात. सासऱ्यांनी आपली खुर्ची मोडीत काढून तिथे पाट घेतला आहे. मी आत एक दिवाही लावून दिला. वर तिन्ही गोल्डफिश काचेला नाक लावून सगळ्यांची डोकी बघतात.

दुकानदाराला हे मोठ्या अभिमानानं सांगायला गेलो. तो गंभीर झाला.

“सर, एवढे मासे खाली झाले म्हणजे सम्पवर लोड आला. आता सम्पला फिल्टर लागणार.”

“सम्पला?”

“मग! सम्पच्या खाली काय आहे?”

“फरशी,” मी म्हणालो. “आणि तिच्या खाली काका.”

त्यानं पावतीपुस्तक पुढे ओढलं, एक कोरा कागद फाडला आणि मला विचारलं, “काका भाड्यानं राहतात की जागा स्वतःची आहे?”